शिरोरेघ

अजमतभाईच्या भट्टीवरून केक आले,
डब्यासकट, अजून कोमट.
चिठ्ठ्या कडेनं जळून तपकिरी,
तरी आईचं अक्षर ओळखू येतं :
सालोमी भालेराव, जुना जालना, दोन नग.
मोठा आपला. लहान बिनअंड्याचा,
लोढाकाकूंसाठी. तो काही फुगला नाही.

जालन्यात नाताळला थंडी पडते,
बर्फ आम्ही मिक्सरच्या छोट्या भांड्यात पाडतो.
अर्धा किलो साखर, मग मलमलीच्या फडक्यातून गाळायची.
उडालेली माझ्या भुवयांवर बसते.
खालच्या मजल्यावरची अर्फिया टाळ्या पिटते :
"आपा, तुम बुड्ढी हो गई!"

आत काय आहे ते आम्हालाच माहीत.
बदनापूरच्या मोसंबीच्या साली,
ऑक्टोबरपासून पाकात मुरलेल्या,
आणि काजू कमी, शेंगदाणे जास्त.
हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही.
विचारलं तरी दुसऱ्या तुकड्यानंतर.

पांढरं थापून झालं. आई लांबून बघते :
"वावर फुटल्यासारखं दिसायलंय.
वेचायला बाया यायच्या आदलं."
तिचा बर्फ नेहमी कापसाचाच असतो.

मधेच अनुग्रहचा पुण्याहून फोन :
कशाला एवढा खटाटोप, मी इथून ऑर्डर करतो,
दोन तासांत दारात.
"हो रे बाबा," आई म्हणते,
आणि मला खुणेनं सांगते, वाटीवर ओलं फडकं टाक, वाळतंय.

एकतीस वर्षं तिनं फळ्यावर लिहिलं
अंबड तालुक्यातल्या शाळांमधून,
आणि दर नाताळच्या आदल्या रात्री केकवर,
दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून.
पद्धत तीच. आधी अक्षरं सुटी सुटी,
वरची रेघ शेवटी, एका दमात.
"आधी त्यांना उभं तर राहू दे,
मग डोक्यावर छप्पर टाक."

यंदा पिशवी तिनं माझ्या हातात दिली.
काही बोलली नाही.
उजवा हात पदराखाली घेऊन मांडीवर दाबून धरला,
प्रार्थनेच्या वेळी चुळबुळणारं लेकरू धरतात, तसा.

'ना' बरा आला. 'ता'ही.
'ळ'चं एक पोट जेवलेलं, एक उपाशी.
'शुभेच्छा'पाशी मात्र घाम फुटला.
जोडाक्षर म्हणजे काय खायचं काम आहे?
"'च'ला दांडी नको," आई मागून,
"टेकू दे त्याला 'छ'वर. लाजतो काहून?"
तेवढ्यात जागा संपली.
शेवटचा काना केकच्या कडेवरून घसरत ताटात उतरला,
अर्फियानं तो चाटून टाकला.
शुभेच्छ.
आई इतकी हसली की खोकला लागला.

मग लाइट गेली.
बॅटरीच्या उजेडात अक्षरं बिनछपराची,
जरा हिवात उभी असल्यासारखी.

"आण इकडं."
डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं.
रेघ निघाली, आणि निघाली ती अशी
की अंबडला जाणारी एसटी, खड्डे चुकवत, न चुकवत.
'ना'वर थोडी चढली,
'ळ'च्या डोक्यात घुसली,
'च्या'पाशी एक जाड थेंब पडला, तो राहू दिला.
मी श्वास धरून. अर्फियासुद्धा.

आणि 'भ' आला तेव्हा
तिनं हात उचलला.
तिथं रेघ तुटते. बोटभर नाही, नखभर.
थरथरत्या हातानं
तेवढी जागा तिनं मोकळी ठेवली,
आणि पलीकडून पुन्हा सुरू केली.

मी काही बोलले नाही.
चांदीच्या गोळ्या शोधत राहिले अंधारात,
त्या माझ्याच मुठीत होत्या.

"मेरा नाम लिखो," अर्फिया म्हणाली,
लोढाकाकूंच्या बसक्या केकवर बोट ठेवून.
"तुझा तर रफार," आई म्हणाली,
"छपराच्याही वर चढून बसणारा.
ये. धर पिशवी."